पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो: 'चेक इंजिन'च्या दिव्याची गोष्ट

आजची गोष्ट एका दिव्याची आहे. छोटासा, पिवळा, इंजिनच्या आकाराचा. तुमच्या घरी कार असेल तर किल्ली फिरवल्यावर तो क्षणभर लागतो आणि विझतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आता बाईकवरही असतो. बहुतेकांना तो फक्त तेवढ्यापुरताच माहीत असतो. मलाही तेवढाच माहीत होता, मागच्या पावसाळ्यापर्यंत.

आमची गाडी म्हणजे एक सेकंड हँड हॅचबॅक, २०२१ ची, पेट्रोल. बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. शिरवळ मागे पडलं आणि डॅशबोर्डवर हा दिवा लागला. गाडी नीट चालत होती. आवाज नाही, वास नाही, धक्के नाहीत. बाबा म्हणाले, "थांबव." थांबवली. बोनेट उघडून दोघांनी दोन मिनिटं आत बघितलं, जणू काही आपल्याला कळणारच आहे. बोनेट बंद केलं. साताऱ्याला जाऊन आलो. मंगळवारी सकाळी बघतो तर दिवा गायब. बुधवारी गॅरेजमध्ये गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "दिवा कुठंय? नाहीये ना? मग चालवा की."

आठ दिवसांनी पुन्हा लागला. या वेळी लागलेला असतानाच गाडी नेली. त्यांनी स्कॅनर लावला, काहीतरी दाबलं, दिवा विझवला, दोनशे रुपये घेतले. चार दिवसांनी तो परत लागला. मग मात्र त्यांनी एक सेन्सर बदलला. बिल झालं सात हजार आठशे. पंधरा दिवस शांतता. आणि सोळाव्या दिवशी, हो, तुम्ही ओळखलंत. आता ते म्हणायला लागले की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर बघावा लागेल. तो आकडा ऐकून बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुखणारा दात डॉक्टरच्या दारात गेला की दुखायचा थांबतो, तशातला हा प्रकार. पण माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न अडकून बसला. बिघाड असेल तर दिवा विझतो का? आणि नसेल तर लागतो का? ते शोधता शोधता मी जाऊन पोचलो १९४३ सालच्या लॉस एंजेलिसला. म्हणून आजचा हा भाग.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात. दीड वर्षापूर्वी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केलेला, त्यामुळे अमेरिकेचा पश्चिम किनारा आधीच धास्तावलेला. त्या दिवशी लॉस एंजेलिस शहरावर एक तपकिरी धुरकट पडदा उतरला. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला, काही चौकांच्या पलीकडचं दिसेना. कित्येकांना वाटलं की जपानने विषारी वायू सोडला.

मग संशय गेला एका कारखान्यावर. शहरात ॲलिसो स्ट्रीटवर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडीन बनवणारा कारखाना होता. युद्धामुळे नैसर्गिक रबर मिळेनासं झालेलं, म्हणून तो उभा राहिलेला. लोकांनी ओरड केली, कारखाना काही काळ बंद ठेवला गेला. पण धुरकं काही गेलं नाही. पुढे घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्यांवर बोट ठेवलं गेलं आणि १९५७ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. तरी धुरकं होतंच. म्हणजे बघा, आमच्या गॅरेजसारखंच चाललं होतं. दिसेल तो पार्ट बदला, नाही गेलं तर पुढचा.

खरं निदान केलं ते अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाने. गंमत नाही करत. आरी हाखन-स्मिट हे मूळचे नेदरलँड्सचे. कॅलटेक या संस्थेत ते बायोकेमिस्ट्री शिकवायचे आणि अननसाला त्याचा वास कशाने येतो यावर त्यांचा अभ्यास चालू होता. फळातून निघणारे अगदी सूक्ष्म प्रमाणातले वायू पकडून, थंड करून, त्यात काय आहे हे शोधणं ही त्यांची खासियत. तीच पद्धत त्यांनी शहरातल्या हवेवर लावली. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की हे धुरकं कुठल्या एका धुराड्यातून बाहेर पडतच नाही. ते हवेतच तयार होतं. गाड्यांमधून आणि तेल कारखान्यांमधून निघालेली न जळलेल्या इंधनाची वाफ, त्यात नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि वरून कॅलिफोर्नियाचं ऊन. या तिघांची प्रक्रिया होऊन ओझोन बनतो आणि तोच डोळ्यांना झोंबतो.

म्हणजे गुन्हेगार कोण, तर रोज सकाळी कामावर जाणारा प्रत्येक माणूस. हे कुणाला आवडणार? तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून हाखन-स्मिट यांच्या निष्कर्षांना विरोध झाला. कार कंपन्यांनी वर्षानुवर्षं चालढकल केली. इतकी, की १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने बड्या कार कंपन्यांवर खटला भरला. आरोप होता की प्रदूषण रोखणारी उपकरणं बाजारात येऊ नयेत म्हणून त्यांनी आपापसात संगनमत केलं. प्रकरण तडजोडीने मिटलं. पण तोवर कॅलिफोर्नियाने आपलं स्वतःचं हवा मंडळ उभं केलं होतं. तेच ते 'कार्ब', कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड. त्याचे पहिले अध्यक्ष कोण? अननसवाले हाखन-स्मिट.

१९७० चा शेवटचा दिवस, ३१ डिसेंबर. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'क्लीन एअर ॲक्ट'वर सही केली. गाड्यांमधून निघणारे मुख्य विषारी वायू काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी कमी करा, असा त्याचा हुकूम. कंपन्या म्हणाल्या अशक्य आहे. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर एक नवा डबा लागला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आपल्या गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्यावरून गेले की त्यांचं बरंचसं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं.

आता इथून आपल्या दिव्याकडे जाणारा रस्ता सुरू होतो, जरा लक्ष द्या. हा कॅट फार नाजूक तब्येतीचा आहे. पेट्रोलमध्ये शिसं असेल तर मेला, म्हणून शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. आणि पुढे जो तिन्ही मुख्य वायूंवर एकदम काम करणारा कॅट आला, त्याची तर वेगळीच अट. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं वजनाचं प्रमाण जवळपास एकास १४.७ च हवं. थोडं इकडे तिकडे झालं की त्याचं काम बिघडतं. चावीने घट्ट-सैल करायच्या जुन्या कार्बोरेटरला हे जमणारं नव्हतं. मग बॉशने एक सेन्सर बनवला, जो सायलेन्सरच्या पाइपात बसून उरलेला ऑक्सिजन मोजतो. १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियातल्या आपल्या गाड्यांना तो बसवला. सेन्सर सांगणार, कॉम्प्युटर ऐकणार, आणि पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करणार. कॉम्प्युटर गाडीत शिरला तो मुख्यतः या धुरापायी. गाणी आणि मॅप फार नंतर आले.

आणि कॉम्प्युटर आला की त्याच्या तक्रारी आल्या. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांमध्ये कॉम्प्युटर होता आणि डॅशबोर्डवर 'चेक इंजिन' असं लिहिलेला दिवा. त्या काळातले मेकॅनिक काय करायचे, तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधल्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडायचे. मग तोच दिवा लुकलुकायला लागायचा. एकदा लुक, थांबा, दोनदा लुकलुक: कोड बारा. वहीत लिहून घ्यायचं आणि पुस्तकात अर्थ शोधायचा. मला हे फार आवडलं. गाडी डोळे मिचकावून बोलायची.

पण कार्बसमोर वेगळीच अडचण होती. कारखान्यातून निघालेली नवी गाडी चाचणीत पास व्हायची. रस्त्यावर पाच-सात वर्षं चालली की तिचा एखादा सेन्सर म्हातारा व्हायचा, कॅट मरायचा. गाडी मात्र मस्त चालायची! मालकाला काही जाणवायचंच नाही. जाणवायचं फक्त शहराच्या फुप्फुसांना. प्रत्येक गाडीमागे एक इन्स्पेक्टर तर ठेवता येत नाही. मग कल्पना निघाली, आणि मला विचाराल तर फारच धाडसी कल्पना: इन्स्पेक्टरला गाडीतच बसवू. गाडीनेच स्वतःची चहाडी करायची.

१९८५ मध्ये कार्बने तसा नियम केला आणि १९८८ च्या मॉडेलपासून तो कॅलिफोर्नियात लागू झाला. नाव ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, ओबीडी. पहिली आवृत्ती कच्ची होती. प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे, आणि तपासणी बहुतेक 'वायर तुटली आहे का' एवढ्यापुरती. म्हणून १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती ठरली, ओबीडी-टू. १९९४ पासून ती गाड्यांमध्ये यायला लागली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना सक्तीची झाली. सोळा पिनांचं एकच सॉकेट, ड्रायव्हरच्या पायांच्या वरच्या भागात, सगळ्यांना सारखं. कोडही सारखे. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर आणि मागे आणखी एक, म्हणजे कॅट खरंच काम करतोय का हे तपासता येईल. नियम साधारण असा, की धूर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होईल इतका बिघाड झाला की दिवा लागला पाहिजे.

तर मंडळी, हा दिवा मुळात 'तुमची गाडी बंद पडणार आहे' असं सांगायला लावलेलाच नाही. त्यासाठी तेलाचा लाल दिवा आहे, तापमानाचा लाल दिवा आहे. हा पिवळा दिवा कायद्याचा आहे, धुराचा आहे. म्हणून तर शिरवळला आमची गाडी मस्त चालत होती आणि दिवा लागलेला होता. (लुकलुकत असेल तर मात्र वेगळं. तेव्हा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता कॅटमध्ये जातंय आणि कॅट भाजून निघतोय. तेव्हा पाय हलका करा, बाजूला घ्या, ओढत दामटू नका.)

आता माझा मूळ प्रश्न. तो येतो-जातो का?

नियम लिहिणाऱ्यांना एका गोष्टीची भीती होती. दिवा उगाच लागायला लागला तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, त्याच्यावर चिकटपट्टी लावतील. म्हणून त्यांनी गाडीला उतावळेपणा करायला मनाई केली. बहुतेक बिघाडांच्या बाबतीत गाडीने तो एका फेरीत पाहिला तर गप्प बसायचं, फक्त मनात नोंद ठेवायची. याला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीतही तोच दिसला तर मग दिवा लावायचा. फेरी म्हणजे साधारणपणे इंजिन सुरू केलं, ती तपासणी पूर्ण होईल इतकी गाडी चालली, आणि इंजिन बंद केलं.

विझवण्याचाही नियम आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांमध्ये तो बिघाड दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. मिसफायरसारख्या काही बिघाडांना जास्त कडक अटी आहेत, पण साधारण चाल हीच. आणि दिवा विझला तरी नोंद पुसली जात नाही! कोड गाडीच्या आठवणीत आणखी राहतो. तो बिघाड परत न येता चाळीस वेळा इंजिन थंडीपासून नीट तापून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे तो जातो. 'नीट तापणं' म्हणजे काय याचीही व्याख्या आहे: पाण्याचं तापमान किमान २२ अंशांनी वाढलं पाहिजे आणि ७१ च्या पुढे गेलं पाहिजे. घरून कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलात तर ती फेरी यात धरली जात नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमचा सोमवार आठवला. रविवारी साताऱ्याहून परत. सोमवारी ऑफिसला जाणं, येणं, संध्याकाळी स्टेशनला. तीन फेऱ्या. मंगळवारी दिवा गायब. गाडी नियमाप्रमाणे वागत होती, अगदी घड्याळासारखी. "दिवा नाहीये ना, मग चालवा की" असं म्हणणाऱ्या माणसाने त्याच दिवशी स्कॅनर लावला असता, तर कोड आतच बसलेला होता.

आणि पुढच्या खेपेला त्यांनी कोड पुसला तेव्हा जास्त वाईट झालं. कोडबरोबर गाडी एक फोटोही ठेवते. फोटो म्हणजे आकड्यांचा. बिघाड पकडला त्या क्षणी वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, इंजिनावर भार किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. येऊन-जाऊन त्रास देणाऱ्या बिघाडाचा हा एकमेव साक्षीदार असतो, कारण तुम्ही गॅरेजमध्ये पोचता तेव्हा गुन्हा संपलेला असतो. कोड पुसला की फोटोही पुसला जातो. दोनशे रुपये देऊन मी स्वतःच्या केसचा पुरावा नष्ट करून घेतला होता.

हा पुसण्याचा प्रकार सगळीकडे चालतो, हे कार्बलाही माहीत होतं. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांची धूर तपासणी २०१५ पासून सायलेन्सरमध्ये नळी घालून होतच नाही, सॉकेटला वायर लावून गाडीलाच विचारतात. मग लोक तपासणीच्या आदल्या रात्री कोड पुसून जाणारच. त्यावर उतारा असा, की कोड पुसले की गाडीच्या सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' अशा दिसायला लागतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. आणि २०१० च्या मॉडेलपासून कायमस्वरूपी कोडही आले. ते स्कॅनरने जात नाहीत, बॅटरी काढून जात नाहीत. बिघाड गेल्याची गाडीची स्वतःची खात्री पटली तरच जातात. यातलं पहिलं तुमच्या कामाचं आहे: सेकंड हँड कार बघायला गेलात, दिवा नाही, पण स्कॅनरवर सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर विकणाऱ्याने नुकतंच काहीतरी पुसलं असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हाही आकडा मिळतो. विचारायला लाजू नका.

आता फक्त विकणाऱ्यांना आणि गॅरेजवाल्यांना दोष देऊन चालणार नाही. चहाडी करणाऱ्याचं तोंड मोठ्या लोकांनीही बंद केलंय. फोक्सवॅगनचं २०१५ चं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. पण त्याच्याही खूप आधी, १९९८ मध्ये, होंडाने अमेरिकन सरकारशी तडजोड केली. आरोप असा होता की १९९५ ते १९९७ दरम्यानच्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये मिसफायर पकडणारी तपासणीच निकामी करून ठेवली होती. इंजिन चुकत असलं तरी दिवा लागणार नाही. एकूण खर्च ठरला २६ कोटी ७० लाख डॉलर. त्यातला बराचसा वाढीव वॉरंटी आणि ग्राहकांच्या मोफत तपासण्यांचा.

टोयोटाचं प्रकरण मला त्याहून रोचक वाटतं. १९९६ ते १९९८ च्या सुमारे २२ लाख गाड्या. इथे तपासणी बंद केलेली नव्हती. आरोप असा होता की पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळते का हे बघणारी तपासणी अशा अटींवर बेतलेली होती, की रोजच्या चालवण्यात ती क्वचितच व्हायची. तपासणीच झाली नाही तर बिघाड कसा सापडणार? २००३ मध्ये तेही तडजोडीने मिटलं, ३.४ कोटी डॉलरला. पुढे कार्बने नियमच घातला की अमुक तपासणी करायची संधी किती वेळा मिळाली आणि ती किती वेळा पूर्ण झाली, याचा हिशोब गाडीनेच ठेवायचा. इन्स्पेक्टरच्या हजेरीचं रजिस्टर!

आपल्याकडे हे सगळं उशिरा पण त्याच क्रमाने आलं. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला आणि तिथल्या पंपांवर शिसंविरहित पेट्रोल मिळायला लागलं. देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधली पाच वर्षं विचार करा: मुंबईची नवी गाडी घेऊन तुम्ही गावाला जाताय आणि वाटेतल्या पंपावर शिसंवालं पेट्रोल. कॅटची वाट. ओबीडीची पहिली पायरी २०१० मध्ये बीएस-फोरबरोबर आली, दुसरी २०१३ मध्ये. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आलं आणि दुचाकींवरही तो पिवळा दिवा आला. पण पीयूसी केंद्रावर आजही सायलेन्सरमध्ये नळी घालूनच तपासतात. गाडी आतून काय सांगतेय हे तिथे कुणी विचारत नाही. दिवा लागलेल्या अवस्थेत आमच्या गाडीला पीयूसी मिळालंय, मी स्वतः साक्षीदार आहे.

तर परत आमच्या गाडीकडे. कोड होता पी०१४१. मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. हा सेन्सर काही शे अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. गॅरेजने कोडमधला 'सेन्सर' हा शब्द वाचला आणि सेन्सर बदलला. पण कोड तर सर्किट म्हणतोय! सर्किटमध्ये सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला, फ्यूज आला. कोड म्हणजे पत्ता नव्हे, फार तर पिनकोड. त्या भागात शोधायचं एवढंच त्यातून कळतं.

मी तोवर ऑनलाइन एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला होता. या स्वस्त डोंगलांची पण एक गंमत आहे. त्यांच्या पोटातली चिप मूळची ईएलएम३२७, कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची, २००५ ची. पहिल्या आवृत्तीत त्यांनी नक्कल रोखणारं कुलूपच लावलं नव्हतं. कुणीतरी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि जगभर नकलांचा पूर आला. त्या पुरातलाच एक नग माझ्या हातात. तर पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा मी काही पुसलं नाही. फ्रीझ फ्रेम बघितली: पाणी ३८ अंश, वेग १२. म्हणजे गाडी नुकतीच सुरू होऊन सोसायटीच्या गेटजवळ. मागच्या वेळचं कॅलेंडर काढलं. आदल्या रात्री पाऊस. त्याच्या मागच्या वेळी? पाऊस. आणि सेन्सर बदलल्यावर जे पंधरा दिवस दिवा लागला नाही, त्या पंधरा दिवसांत पावसाने दडी मारली होती. सात हजार आठशेचा सेन्सर आणि कोरडी हवा, यातलं श्रेय कुणाचं, हे मला तेव्हा कळलं.

बाबांच्या ओळखीचे एक वायरमन काका आहेत, गाड्यांची वायरिंग करणारे. त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाडी रात्री कुठं लावता?" झाडाखाली, कचराकुंडीशेजारी. ते हसले. "मग उंदीर."

मल्टिमीटरने हीटर तपासला, ठीक. फ्यूज ठीक. मग इंजिन चालू ठेवून माझ्या फोनवर मागच्या सेन्सरचे आकडे लावले आणि ते खाली झोपून वायरचा जुडगा इंच-इंच हलवत गेले. एका जागी हलवलं की आकडा पडायचा, सोडलं की यायचा. टेप काढली. आतल्या वायरचं प्लॅस्टिक कुरतडलेलं, तांबं हिरवं पडलेलं, दोन-चार तारांवर टिकून राहिलेलं. कोरडं असताना कसंबसं चालायचं, ओलं झालं की दगा. त्यांनी सडलेला तुकडा काढून जोड दिला, रांग्याने पक्का केला, वर नळी आवळली, जुडगा जरा उंचावर बांधला. साडेतीनशे रुपये.

मी म्हटलं, "काका, आता कोड पुसू?"

"कशाला? त्याचं त्यालाच विझू द्या. म्हणजे कळेल तरी."

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी ऑफिस, एक. संध्याकाळी परत, दोन. रात्री बाबांना घेऊन मामाकडे, तीन. दुसऱ्या दिवशी पहाटेही पाऊस होता. खाली जाऊन किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले, पिवळाही. बाबा वरून गॅलरीतून विचारत होते, "आहे का रे?"

"नाही," म्हटलं.